डावी पायफळी

१२ एप्रिल, शनिवार

लव्हॉनला पुन्हा मोटारसायकल चालवायची आहे.

एवढं लिहिलं आणि बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. सकाळी ती आणि तिचा नवरा गेलन आले. पिकअपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळलेली काळी क्रूझर मोटारसायकल. मला वाटलं, गेलनने कुणाची तरी दुरुस्तीला आणली असेल. लोक आणतातच माझ्याकडे. चीज कारखान्यातली यंत्रं सांभाळतो म्हटल्यावर शनिवारी गवत कापायच्या मशीनपासून बोटीच्या इंजिनापर्यंत सगळं माझ्या गॅरेजात येतं. तेवढ्यात माझी बहीण काठी टेकत उतरली, दोन खोकी माझ्या टेबलावर ठेवली नि म्हणाली, "उघड."

एकात पायफळ्या. लांबट, वर काळं रबर, पाऊल अख्खं टेकेल अशा. दुसऱ्यात गिअरचा दुहेरी दांडा. पुढे चवड्याची पट्टी, मागे टाचेची.

"कुणासाठी हे?"

"माझ्यासाठी. गाडीही माझीच. विल्टन गावच्या एका आजोबांची होती, त्यांना आता दिसत नाही."

"तू चालवणार?"

"नाही, अंगणात शोभेला ठेवायला घेतलीय." मग जरा नरमली. "अरे, साधं आहे. चवडा दांड्याखाली घालून वर उचलायचा म्हणजे घोटा वळायला हवा. मला घोटाच नाही. हा दांडा लावला की पुढचे गिअर टाचेने खालीच दाबायचे. मांडीतून पाय उचलायचा, टाच ठेवायची, दाबायचं. झालं."

मी गेलनकडे पाहिलं. तो ट्रेलरच्या टायरमध्ये हवा किती आहे ते बघत होता. माझ्या हातातला पाना कधी सुटला कळलं नाही, नुसता आवाज आला.

"दुकानात ने," मी म्हणालो.

"दुकानातल्याला माझ्या पायाचं काय माहीत? तू बसवणार आहेस."

गेल्या सप्टेंबरात डबल-एन रस्त्याच्या चौकात, चाऱ्याची गाडी ओढणारा एक पिकअप न थांबता आडवा आला आणि लव्हॉनचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. मी माझ्या गाडीवर तिच्या मागेच होतो. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्यांना माहीतच आहे.

१३ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही. पाय ठेवायचे जुने टेकू काढले. बोल्ट गंजलेले होते. तेल सोडून ठेवलंय.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

कारखान्याला सुट्टी. लव्हॉन माप द्यायला आली. मी म्हणालो, गाडीवर बस, पाय ठेव, फळी किती उंच हवी ते खडूने खूण करतो. ती बसली, पाच मिनिटांत वैतागली.

"तुला दर वेळी मला बोलवावं लागणार. त्यापेक्षा हा घे."

पिकअपमधून तिने एक पिशवी आणली. पिशवीत पाय होता. दवाखान्यातून पहिल्यांदा दिलेला, आता तिला सैल होतो तो. वर तपकिरी वाटी, खाली लोखंडी नळी, आणि टोकाला तिचा गाडीवरचा बूट, व्यवस्थित नाडी बांधलेला.

"तुझ्याकडेच राहू दे. लाव, काढ, हवा तसा ठेव. हा तक्रार करत नाही."

मी असा झटकन मागे सरलो की कोपर लागून स्क्रूंचा अख्खा डबा जमिनीवर सांडला. ती हसायला लागली. "अरे ऑर्लिन, चावत नाही तो!"

मीही हसलो. कसा हसलो असेन देव जाणे. ती थांबली नि माझ्याकडे बघत राहिली.

"झोपतोस का रे नीट?"

"झोपतो की."

ती गेल्यावर तो पाय डाव्या बाजूच्या कच्च्या फळीवर उभा केला, खूण केली आणि वर टॉवेल टाकला. धूळ बसू नये म्हणून.

२० एप्रिल, ईस्टर

लव्हॉनकडे जेवण. हॅम, बटाटे, गेलनच्या आईचा तो हिरवा जेलीचा प्रकार. मी पलीकडच्या डोंगररस्त्याने गेलो. डबल-एनवर खडी टाकतायत असं ऐकलं होतं.

गेलन म्हणाला, "खडी? मी रोज जातो त्या रस्त्याने. कुठे आहे खडी?"

असेल मग दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर.

जेवताना त्याने विचारलं, यंदा माझी मोटारसायकल बाहेर कधी काढणार. म्हणालो, बॅटरी उतरलीय. तो म्हणाला, माझ्याकडे चार्जर आहे. म्हटलं, टायरही बघायचेत. लव्हॉन म्हणाली, "गेलन, बटाटे दे त्याला."

२६ एप्रिल, शनिवार

दोन्ही पायफळ्या बसल्या. उजवीकडे ब्रेकचं पेडल पुन्हा जुळवावं लागलं. डावीकडे जास्त काम. पुढचा आणि मागचा कंस चौकटीला, त्यावर फळी, फळीला बिजागरी, म्हणजे वळणात जमिनीला घासली तर वर उचलली जाईल. गाडी उभी करायचा टेकू फळीला लागत होता, तिथे वॉशर घातले. काम चांगलं झालंय, माझं मलाच म्हणायला हरकत नाही.

लव्हॉनला फोन केला की फळ्या बसल्या, दांडा राहिलाय. ती फोनवरच ओरडली. मग गप्प झाली नि म्हणाली, "थँक यू. मला माहितीय तुला हे सोपं नाही."

मी म्हणालो, बोल्ट जरा गंजले होते, बाकी काही अवघड नव्हतं.

३ मे, शनिवार

दांडा बसवला. शाफ्टला बारीक दाते असतात, दांड्याच्या भोकातही तसेच, ते एकमेकांत अडकवायचे आणि वरून बोल्ट आवळायचा. एका दात्याचा फरक पडला तरी टाचेची पट्टी खालीवर होते.

लव्हॉन गाडीवर बसली. गाडी जॅकवर, मागचं चाक अधांतरी. तिने इंजिन चालू केलं, चवड्याने पहिला दाबला, मग मांडीतून अख्खा पाय उचलून टाच मागच्या पट्टीवर ठेवली. खट्. दुसरा. खट्. तिसरा.

"तुला कळतं कसं पाय कुठे आहे ते? तिथे तर काही जाणवत नाही."

"गुडघ्यात कळतं. आणि आवाज येतो की." तिने पुन्हा पाय उचलला. चौथा. "ऐक, ऐक! कसा पडतो बघ! लोण्यासारखा!"

आमच्या आईसारखी दिसत होती. आई कुरणातून गायी हाकलत यायची तेव्हा तिचे गाल असे लाल व्हायचे.

मी म्हणालो, "उतर. बूट पट्टी नि फळीच्या मध्ये अडकतोय."

"कुठे अडकतोय?"

"अडकू शकतो."

तिने इंजिन बंद केलं. "बरं. किती दिवस?"

"आठवडाभर."

१० मे, शनिवार

बूट फळीवरून बाहेर घसरू नये म्हणून फळीच्या कडेला पट्टीचा काठ वेल्ड केला. तिला जाणवणार नाही ना घसरला तर. लव्हॉनने बघितलं, म्हणाली उत्तम, आता नेते. मी म्हणालो, रंग वाळू दे. आणि रबर गुळगुळीत आहे, पावसात निसटेल. खरबरीत मागवतो.

"पावसात मी जाणार नाही."

"पाऊस विचारून येतो का?"

ती काठी टेकत पिकअपकडे गेली. गेलनने मला हळूच बाजूला घेतलं. "ऑर्लिन, रबर कधी येईल ते येईल. तिने हिवाळाभर एकच गोष्ट धरून ठेवलीय. व्यायाम, ते दुखणं, सगळं ह्यासाठी. तिला जाऊ दे."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. फार वाटते." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "पण ती भीती माझी मी बघतो. तू कुणाशी तरी बोल बाबा. पास्टरबाईंशी बोल."

माझा अंदाज, गेलनलाच मनातून हे नकोय, फक्त बायकोपुढे बोलता येत नाही. म्हणून माझ्या गळ्यात पास्टरबाई. त्याच्यासाठी तरी मी सावकाश करायला हवं.

१७ मे, शनिवार

रबर आलं, लावलं. आता फळीच्या मागच्या कंसाचा बोल्ट मनात भरत नाहीये. कंपनीने दिलेलाच आहे, पण त्यावरची खूण नीट वाचता येत नाही. जास्त ताकदीचा शोधतो.

लव्हॉन दुपारी आली, मी गॅरेजचं दार उघडलं नाही. आतच होतो, पण उघडलं नाही. का ते सांगता येणार नाही. टॉवेलखालचा पाय गाडीवर तसाच उभा होता आणि मी त्याच्या समोर स्टुलावर बसलो होतो. तिने दोनदा हाक मारली. मग दाराला टेकून, मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी तुझ्यावर रागावलेली नाहीये, ऑर्लिन. पण मी म्हातारी होतेय इथे."

२२ मे, गुरुवार

कारखान्यात मोठ्या कढईचा पट्टा तुटला. कामगार ओरडला, "पट्टा! पट्टा!" आणि माझे हात असे गार पडले की मला पाना धरता येईना. खाली बसावं लागलं. पाणी दिलं त्यांनी. उन्हाळा सुरू झालाय, आत वाफ फार असते.

२३ मे, शुक्रवार

सपर क्लबात, म्हणजे इथल्या जेवणाच्या हॉटेलात, मासे खायला गेलो, लव्हॉन-गेलन होते. लव्हॉनने ब्रँडीचा ग्लास खाली ठेवला नि सरळच विचारलं, "उद्या?" सोमवारी मेमोरियल डे, कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी, शनिवारपासून सगळे गाड्या काढणार. मी म्हणालो, टाचेची पट्टी अजून एक दाता वर हवी. ती म्हणाली, "मला ती आहे तशी बरोबर आहे." मी म्हणालो, "बूट घालून बरोबर आहे, पण..."

घरी येऊन दांडा सैल केला. बोल्ट चिमटीने फिरवून नुसता टेकवून ठेवलाय. सकाळी ला क्रॉस शहरात जाऊन नवा बोल्ट आणतो, मग पट्टी वर घेऊन सगळं एकदमच आवळतो.

२५ मे, रविवार

काल काही लिहिता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

ला क्रॉसहून परत आलो तर गॅरेजचं दार सताड उघडं. जॅक खाली. गाडी नाही. टॉवेल घडी करून टेबलावर ठेवलेला, त्यावर तो जुना पाय आडवा. लव्हॉनकडे माझ्या गॅरेजची किल्ली आहे, नेहमीच होती.

आधी डोक्यात काहीच आलं नाही. नुसता तेलाचा डाग बघत उभा राहिलो. मग दांडा आठवला. चिमटीने टेकवलेला बोल्ट.

तिला फोन लावला, उचलला नाही. गेलनला लावला. तो हसत होता. "गेली रे! सकाळीच. टेकडीपर्यंत मी मागे गेलो होतो, काय चालवते! मग म्हणाली, आता तू घरी जा, मला एकटीला जाऊ दे."

"गेलन, गिअरचा दांडा सैल आहे."

"काय?"

"मी सैल केला होता. कुठे गेली ती?"

त्याचं हसणं थांबलं. मग तो म्हणाला, "डबल-एनने."

मी पिकअप काढला. सप्टेंबरनंतर मी त्या रस्त्याने गेलेलो नाही. हे मला गाडी वळवताना कळलं. त्याआधी मला खरंच वाटत होतं की दुसरे रस्ते सोयीचे आहेत. चौक आला. थांबा म्हणणारी लाल पाटी, कोपऱ्यावरचं दुधाच्या टाकीचं शेत, सगळं तेच, फक्त मका तेव्हा डोक्याच्या वर होता आणि आता बोटभर आहे. रस्त्यावर काच नव्हती, माणसं नव्हती. मी थांबलो की नाही आठवत नाही. पुढे गेलो.

दफनभूमीच्या वळणानंतर मला क्रूझर दिसली. रस्त्याच्या कडेला, टेकूवर उभी. तिच्या पलीकडे गवतात लव्हॉन पडलेली. आणि तिच्यापासून हातभर लांब, गवतात, बूट घातलेला पाय.

ह्यानंतरचं मी जसं आठवतं तसं लिहितोय. मी पिकअप थांबवला असणार. मी पळत होतो आणि पळता पळता कमरेचा पट्टा ओढून काढत होतो, तो एका जागी अडकला तेव्हा मी शिवी दिली. मी तिच्याजवळ गुडघ्यांवर पडलो आणि पट्टा तिच्या मांडीभोवती घातला आणि पूर्ण जोर लावून ओढला. मी म्हणत होतो, "झालं, झालं, आलोय मी, झालं."

"ऑर्लिन."

मी ओढत होतो.

"ऑर्लिन! अरे, तो पाय प्लास्टिकचा आहे. दुखतंय मला. सोड. बघ माझ्याकडे."

मी बघितलं. तिचे डोळे उघडे होते. चेहऱ्याला रंग होता. गवतावर कुठे काही लाल नव्हतं. तिने पाय काढून ठेवला होता, कारण उन्हात वाटीत घाम साचून गुडघ्याखालचा उरलेला खुंट सोलवटला होता. ती नुसती पडून ढग बघत होती.

माझे हात पट्ट्यावरून निघेनात. तिने एक एक बोट सोडवलं. मग मी रस्त्याच्या कडेला जाऊन ओकलो.

परत आलो तेव्हा ती उठून बसली होती, पट्टा मांडीवर घेऊन. "तू हे केलं होतंस तेव्हा," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं गेलनने. रुग्णवाहिकेतल्या मुलीनेही सांगितलं. पण ऐकलं होतं नुसतं."

"दांडा सैल होता," मी म्हणालो. "मीच ठेवला. मुद्दाम नाही. म्हणजे मला माहीत नाही मुद्दाम की काय."

"माहितीय मला. तिसऱ्यात होते नि पट्टी गर्रकन फिरली. पुढे गिअर पडेना, मागे पडेना. क्लच दाबून कशीबशी कडेला घेतली." तिचा आवाज चिरकला. "मी भयंकर चिडलेय तुझ्यावर. ते नंतर. आधी खाली बस."

मी बसलो.

"तुला एक विचारायचंय, हिवाळाभर विचारायचं होतं," ती म्हणाली. "मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. काहीच म्हणजे काहीच. सकाळी हेल्मेटचा पट्टा लावला, मका दिसला, आणि मग थेट दवाखान्याचं छत. मला पिकअप आठवत नाही. मला दुखलेलंही आठवत नाही. सगळे माझ्याकडे असे बघतात की काय भोगलं बिचारीने. मी काही भोगलंच नाही रे तिथे. ते सगळं तुझ्याकडे आहे. माझा अपघात तुझ्याकडे आहे."

हे मला कधीच, एकदाही सुचलं नव्हतं. माझी समजूत होती की तिला सगळं आठवतं आणि ती धीराची आहे म्हणून बोलत नाही. आणि जिला सोसावं लागलं ती बोलत नाही, तर मी कोण बोलणारा?

"सांग मला," ती म्हणाली. "माझं आहे ते."

मग सांगितलं. पिकअप कसा आला. ती हवेत कशी गेली, किती हळू. माझी गाडी मी कुठे टाकली ते मला माहीत नाही. पट्टा. रक्त माझ्या बुटात गेलं होतं. चाऱ्याची गाडी चालवणारा माणूस चौकाच्या मध्यभागी उभा राहून पुन्हा पुन्हा 'सॉरी मॅम' म्हणत होता, आणि मी त्याच्यावर ओरडलो की मारून टाकीन. ती ऐकत होती. मध्येच फक्त "मग?" म्हणायची.

"मी काही बोलले का?"

"बोललीस."

"काय?"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसाला नाही, गेलनला नाही.

"तू म्हणत होतीस, माझा पाय वाकडा झालाय, नीट ठेव. परत परत. ऑर्लिन, पाय नीट ठेव माझा. मी म्हणत होतो, ठेवतो, ठेवतो." मी तिच्या मांडीवरच्या पट्ट्याकडे बघितलं. "पाय रस्त्याच्या पलीकडे होता, लव्हॉन."

दफनभूमीच्या कुंपणापलीकडे कुणीतरी सोमवारसाठी सैनिकांच्या थडग्यांवर लावायला छोटे झेंडे आणले होते, त्यांची फडफड ऐकू येत होती. मग तिने माझं डोकं धरून स्वतःच्या खांद्यावर टेकवलं, लहानपणी मी तिचं धरायचो तसं. मी केवढा रडलो ते लिहीत नाही.

गेलन पोचला तेव्हा आम्ही तसेच होतो. तो दार उघडं टाकून धावत आला, मग आम्हाला बघून थांबला, आणि कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत उभा राहिला. त्याच्या गालांवर पाणी होतं. मी त्याला म्हणालो, चूक माझी. तो म्हणाला, "गप रे, मूर्खा." आणि पिकअपमधून पान्यांची पेटी आणली.

पट्टी आहे त्याच दात्यावर बसवली. तिला हवी तिथे. बोल्टाला आटे धरून ठेवणारा लाल गोंद लावला, टॉर्क पान्याने आवळला, गेलनने पुन्हा आवळून बघितला, लव्हॉननेही. मग फळीचे कंस. ते पक्केच होते. ते पहिल्या दिवसापासून पक्के होते.

खुंटावर पट्टी बांधून लव्हॉनने पाय चढवला. मी म्हणालो, गाडी ट्रेलरवर टाकू.

"नाही," ती म्हणाली. "मी घरी चालवत नेणार. गेलन पुढे जाईल. आणि तू माझ्या मागे ये."

"मागे नको."

"मागेच ये."

गेलन निघाला. मग ती. चवड्याने पहिला, फळीवरून पाय उचलून टाच, दुसरा. काच खाली होती, मला प्रत्येक गिअर ऐकू येत होता. मी तिच्या जाकिटाची पाठ बघत होतो. त्या पाठीकडे बघत मी वीस वर्षं ह्या रस्त्यांनी फिरलोय.

चौकात ती पाटीशी पूर्ण थांबली. खरा पाय जमिनीवर. डावीकडे पाहिलं, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मोटारी न वापरणाऱ्या आमिश लोकांची एक घोडागाडी सावकाश गेली, गाडीवानाने हात वर केला, तिनेही केला. दोन्हीकडे मैलभर दिसत होतं, सगळं बोटभर मक्याने हिरवं. ती निघाली. चौकाच्या मधोमध टाच खाली गेली, खट्, आणि ती पलीकडे होती. काही झालं नाही. ती पुढे गेली, टेकडी चढली, वळली, दिसेनाशी झाली.

माझी पाळी. मी पाटीशी थांबलो आणि माझा पाय ब्रेकवरून उठेना. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. किती वेळ ते माहीत नाही. मागे एक गाडी येऊन थांबली. तिने हॉर्न दिला नाही, इकडे कुणी देत नाही. बऱ्याच वेळाने एक म्हातारा गाडीतून उतरून माझ्या काचेशी आला.

"ठीक आहात ना?"

"हो," मी म्हणालो. "माझी बहीण पुढे गेलीय."

त्याने टेकडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग जा की तिच्या मागे."

गेलो.